एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट : नाताळच्या गोष्टीवरून आमच्या वाचनगटात झालेला वाद

आभा | २६ डिसेंबर, रात्री १०:१२

आमचा नऊ जणांचा वाचनगट आहे. ठाण्यात, महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी. डिसेंबरात निम्मे लोक गावाला किंवा लग्नकार्याला गेलेले असतात, म्हणून त्या महिन्यात पुस्तक घेत नाही. एखादी लहान गोष्ट आळीपाळीने मोठ्याने वाचतो. यंदा निवडायची पाळी माझी होती. मी अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ नेली आणि जिथे कुणाचं अडलं तिथे मराठीत सांगत गेले.

गोष्ट संपली तेव्हा तिघींच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ काका, ज्यांचा जन्म लोकांचे हिशेब तपासण्यात गेला, ते चष्मा पुसत म्हणाले, “ही रडवण्यासाठी बेतलेली गोष्ट आहे. दोन्ही बाजू मुद्दाम जुळवून आणल्यात.” त्यावर जे सुरू झालं ते रात्री साडेदहापर्यंत चाललं. चहा दोनदा झाला. माझं बोलून संपलेलं नाही, म्हणून हा धागा. काकाही इथे वाचतात, ते लिहितील अशी आशा आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क, नाताळची आदली संध्याकाळ. डेला आणि जिम हे तरुण जोडपं आठवड्याला आठ डॉलर भाड्याच्या सजवलेल्या खोल्यांत राहतं. जिमचा पगार पूर्वी आठवड्याला तीस डॉलर होता, आता वीसवर आलाय. डेलाजवळ जिमच्या भेटीसाठी साठवलेले एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट आहेत आणि ते ती तीनदा मोजते. घरात अभिमानाच्या वस्तू दोनच: तिचे गुडघ्याखाली येणारे केस आणि त्याचं आजोबा-वडिलांकडून आलेलं सोन्याचं घड्याळ. ती केस वीस डॉलरला विकते आणि घड्याळासाठी एकवीस डॉलरचा प्लॅटिनमचा छडा, म्हणजे साखळी, आणते. तो घरी येतो. त्याने घड्याळ विकून तिच्या केसांसाठी, ब्रॉडवेवरच्या दुकानाच्या काचेत ती कितीतरी दिवस बघत असलेले, कासवाच्या पाठीचे खडे जडवलेले कंगवे आणलेले असतात.

माझं म्हणणं असं की या गोष्टीतलं रडू हिशेबातून येतं. पहिल्याच वाक्यात रक्कम आहे. त्यातले साठ सेंट सुट्या पेन्यांमध्ये, म्हणजे एकेका सेंटच्या नाण्यांत, आहेत हे लगेच पुढे. ते कसे जमले तेही लेखक सांगतो: वाणी, भाजीवाला, खाटीक यांच्याशी एकेका पैशासाठी घासाघीस करून, आणि त्या चिकटपणाची मनातल्या मनात लाज वाटत. ज्या बाईने कधी डाळीच्या डब्यात नोट दडवून ठेवली आहे तिला हे समजावून सांगायला लागत नाही. वीस डॉलर आले, एकवीस गेले, ती सत्त्याऐंशी सेंट घेऊन घरी पळत आली. जमा-खर्च सेंटपर्यंत जुळतो. इतकं मोजूनमापून लिहिलेल्या घरात जेव्हा दोघं आपापली एकुलती एक वस्तू देऊन टाकतात, तेव्हा त्याचं वजन कळतं. नुसतं ‘ते फार गरीब होते’ असं लिहिलं असतं तर मला काही झालं नसतं.

माझी तक्रार आहे ती शेवटच्या परिच्छेदाबद्दल. जिम कोचावर आडवा होतो, डोक्यामागे हात घेतो, हसतो आणि म्हणतो की भेटी तूर्त ठेवून देऊ, तू चॉप्स टाक. गोष्ट तिथे पूर्ण झालेली आहे. पुढे लेखक स्वतः पुढे येऊन मॅजाय (बाळ येशूला भेटी आणणारे ज्ञानी लोक) कोण, शहाणे कोण, हे समजावत बसतो. वाचताना माझा आवाज तिथेच पडला. तुम्हाला काय वाटतं? तो परिच्छेद हवा की नको?

---

रोजमेळ | २६ डिसेंबर, रात्री ११:३०

आभा, आशा केलीस म्हणून लिहितो. ज्या काकांचा उल्लेख केलास तो मीच.

मला गोष्ट आवडली नाही असं मी म्हणालो नव्हतो. ती माझ्यावर दाब टाकते, असं म्हणालो. सेंटपर्यंत हिशेब देते म्हणतेस, मग मीही त्याच वहीवर बोलतो.

पगार एक तृतीयांशाने घटला. भाडं तेच. म्हणजे पूर्वी उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाच्या जरा वर जाणारं भाडं आता चाळीस टक्के खातं. नवऱ्याला ओव्हरकोट नवा हवाय, हातमोजे नाहीत, हे लेखकच सांगतो, आणि बाहेर न्यूयॉर्कचा डिसेंबर आहे. अशा घरात हाती आलेल्या वीस डॉलरचं काय करायचं? एका आठवड्याच्या पूर्ण पगाराहून महाग असा छडा? माझ्या अशिलाने हे केलं असतं तर मी त्याला समोर बसवून बोललो असतो.

दुसरी गोष्ट. वही एकाच बाजूची उघडी आहे. डेलाचा सेंट न् सेंट दिसतो. जिमने घड्याळ कितीला दिलं? कंगवे कितीला पडले? काही उरलं का? एक आकडा नाही. नावे आहे, जमा नाही. अर्धा ताळेबंद दाखवून वाचकाला शेवटी चकित करणं याला मी कारागिरी म्हणेन. त्याहून मोठं काही म्हणायला माझं मन तयार होत नाही.

---

तुषार_कल्याण | २६ डिसेंबर, रात्री ११:५२

शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात होती. तेव्हा फक्त ‘केस कापले आणि कंगवे आले’ एवढंच लक्षात राहिलं. पगार घटल्याचं आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं. धाग्यासाठी धन्यवाद आभाताई.

---

नलू | २७ डिसेंबर, सकाळी ८:०५

काका, तुमचा ‘एकाच बाजूची वही’ हा मुद्दा फार चांगला आहे, पण मी तो उलटा वाचते. आपण सगळा वेळ डेलाबरोबर घरात आहोत. तिला जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला. जिम बाहेर काय करतो ते तिला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. संसारात असंच असतं ना? दुसऱ्याची वही आपल्याला कधी दिसते? मागाहून एखादी वस्तू समोर येते आणि कळतं की त्या बाजूलाही काहीतरी चाललं होतं.

आता केसांबद्दल. मी जिथे जिथे ही गोष्ट ऐकली तिथे कुणी ना कुणी म्हणतंच की डेलाचे केस परत येतील, जिमचं घड्याळ गेलं ते गेलं, म्हणजे त्याचा त्याग मोठा. डेला स्वतःसुद्धा त्याला तेच सांगते, माझे केस फार भराभर वाढतात म्हणून. मला हे पटत नाही. जिमला वारसा आहे: आजोबा, वडील, मग तो. डेलाला कुणी काही दिलेलं नाही. विकण्याजोगं तिच्याजवळ जे होतं ते तिच्या अंगावर उगवलेलं होतं. केस देऊन झाल्यावर ती चाळीस मिनिटं चिमटे तापवून उरलेले केस कुरळे करत बसते आणि मग जिन्यावर पाऊल वाजलं की देवाला म्हणते, मी त्याला अजून सुंदर वाटू दे. घड्याळ विकलेल्या जिमला अशी प्रार्थना करावी लागत नाही.

मी १९८९ साली केस कापले. फार नाही, खांद्यापर्यंत. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला, त्याने बघितलं, हातपाय धुतले, ताटावर बसला. मी वाढत होते आणि माझा हात थरथरत होता. आमटी ताटाबाहेर सांडली. तो म्हणाला, “मानेला वारा लागत असेल आता.” एवढंच. मला आजही त्या वाक्याचा अर्थ नीट लागलेला नाही, पण त्यानंतर मी जेवू शकले. जिम दारात पुतळ्यासारखा उभा राहतो आणि डेलाला त्याच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही, तो प्रसंग मी कधीही वाचला तरी मला ती सांडलेली आमटी दिसते.

---

आभा | २७ डिसेंबर, सकाळी ९:४०

नलूताई, हे लिहिल्याबद्दल काय म्हणू. मी दोनदा वाचलं.

---

हडसनकाठी | २७ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

मी गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत आहे, म्हणून थोडी जागेची माहिती देतो. मॅनहॅटनमध्ये अर्व्हिंग प्लेस आणि अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक जुनं मद्यगृह आहे. ही गोष्ट त्यांच्याच एका बाकावर बसून लिहिली गेली असं ते अभिमानाने सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवू, पण ओ. हेन्री त्याच रस्त्यावर ५५ क्रमांकाच्या घरात राहायचा हे खरं आहे. ‘न्यूयॉर्क संडे वर्ल्ड’ या वृत्तपत्रासाठी तो दर आठवड्याला एक गोष्ट लिहून द्यायचा. ही १० डिसेंबर १९०५ च्या अंकात आली आणि पुढच्या वर्षी ‘द फोर मिलियन’ या संग्रहात गेली. त्या नावामागे एक बाणा आहे. न्यूयॉर्कमध्ये दखल घेण्याजोगी माणसं चारशेच, असं तिथल्या उच्चभ्रू वर्तुळात म्हटलं जायचं. याने सांगितलं, चाळीस लाख. डेला आणि जिम त्या चाळीस लाखांतले.

काका म्हणतात तो दाब मलाही जाणवायचा, लेखकाचं चरित्र वाचेपर्यंत. त्याचं खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या एका बँकेत तो रोखपाल होता. हिशेबात तूट निघाली, अफरातफरीचा आरोप आला. (रोजमेळकाका, हिशेब!) १८९६ मध्ये खटल्याच्या तोंडावर तो होंडुरासला पळून गेला. मागे बायको अथोल आणि लहान मुलगी मार्गारेट. अथोलला क्षय होता. ती शेवटाला लागल्याचं कळल्यावर, अटक होणार हे माहीत असूनही तो परत आला. जुलै १८९७ मध्ये ती गेली. पुढे १८९८ ते १९०१ तो ओहायोच्या तुरुंगात होता.

१९१६ साली निघालेल्या त्याच्या चरित्रात अथोलच्या आईची एक आठवण आहे. तो परागंदा असताना अथोलने आजारपणात लेसचा एक रुमाल विणला, तो पंचवीस डॉलरला विकला आणि त्या पैशांतून नवऱ्याला नाताळची पेटी पाठवली. पेटीत ओव्हरकोट होता, अत्तर होतं, खायच्या जिनसा होत्या. पेटी तिने अंगात ताप असताना भरली, हे त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं.

नऊ वर्षांनी त्याने ही गोष्ट लिहिली. तिच्यातल्या नवऱ्याला नवा ओव्हरकोट हवा आहे.

---

रोजमेळ | २७ डिसेंबर, रात्री ९:२०

ही आठवण मला माहीत नव्हती. वाचून जरा वेळ गप्प बसलो.

माझा मुद्दा पुरता गेलेला नाही. लेखकाच्या दुःखामुळे लेखन आपोआप चांगलं होत नाही. पण ‘बेतलेली’ हा शब्द मी मागे घेतो. ज्याने हिशेबाच्या तुटीपायी तुरुंग बघितला, त्याने एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट असा आकडा लिहिला, तर तो सहज लिहिलेला नसणार.

त्या आकड्याचं सांगतो, काल रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसलो. एकूण १.८७. त्यातले साठ सेंट पेन्या. उरले १.२७. अमेरिकेत आज चालणारी पेनीखेरीजची नाणी घ्या, पाच, दहा, पंचवीस, पन्नास. त्यांतून सत्तावीस जुळत नाही, दोन सेंट सुटेच राहतात. पहिल्यांदा वाटलं, सापडली चूक! मग मुलाला शोधायला सांगितलं. त्या काळी अमेरिकेत दोन सेंटचं नाणं होतं, १८६४ ते १८७३ पाडलेलं, आणि तीन सेंटचंही होतं, ते १८८९ पर्यंत पाडत होते. म्हणजे रक्कम जुळते. मात्र डेलाच्या त्या ढिगात किमान एखादं तरी जुनं, टांकसाळीने कधीच बंद केलेलं नाणं असलं पाहिजे. कुणाच्या तरी हातातून फिरत फिरत वाण्याकडे, वाण्याकडून हिच्याकडे आलेलं.

पाव डॉलर, अर्धा डॉलर मोजणाऱ्याला असलं नाणं सापडत नाही. पै-पैचा ढीग तीनदा मोजणारीलाच सापडतं.

---

नलू | २७ डिसेंबर, रात्री ९:४१

काका, आमच्या मीठाच्या बरणीमागे अजून चार आण्यांची नाणी आहेत. ३० जून २०११ ला चलनातून गेली. टाकवत नाहीत.

---

शब्दवेल्हाळ | २८ डिसेंबर, दुपारी १:०५

आभा, ‘अडलं तिथे मराठीत सांगत गेले’ म्हणतेस, तर विचारतो: डेलाने केस ‘विकले’ आणि जिमने घड्याळ ‘विकलं’ असंच सांगितलंस का?

मला हे क्रियापद खटकतं. आपल्याकडे अडीअडचणीला दागिना गेला तर विकला असं घरात कुणी म्हणत नाही. पाटल्या मोडल्या, गोठ मोडले, मोहनमाळ मोडली. सराफाने तो दागिना जसाच्या तसा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला असला तरी आपण ‘मोडला’ म्हणतो. संसार मोडतो, लग्न मोडतं, त्याच ओळीतला शब्द. पण घड्याळ मोडलं म्हटलं की ते बंद पडलं असं होतं! म्हणून मी असतो तर ‘घड्याळ काढून टाकलं’ म्हणालो असतो. बैल काढला, जमीन काढली, तसं. त्यात गरज आहे आणि नाइलाजही आहे.

‘छडा’ मात्र झकास. खिशातल्या घड्याळाच्या साखळीला आपल्याकडे जुना, अस्सल शब्द आहे आणि तो तुला सुचला याचा आनंद झाला.

कंगव्यांचं काय केलंस? ते विंचरायचे कंगवे नव्हेत, अंबाड्याला बाजूने आणि मागून खोचायचे दागिने आहेत. ‘फणी’ म्हटलं तर करंडा-फणी आठवते, सौभाग्याचं वाण. नवऱ्याने आणलेली फणी आणि ती लावायला केस नाहीत, हे मराठी कानाला इंग्रजीपेक्षा जास्त लागेल. वापरावा का शब्द, की फार आपल्याकडचं होईल?

---

आभा | २८ डिसेंबर, दुपारी ३:२५

मी ‘कंगवे’च म्हणाले. फणी मनात आली होती, पण डेला आपल्याकडची नाही, तिच्या हाती वाण देऊ नये असं वाटलं. ‘मोडले’चा मुद्दा पुरता पटला. माझ्या आजीचं एक वाक्य होतं, “तुझ्या बाबाच्या फीसाठी गोठ मोडले.” लहानपणी मला वाटायचं की तिने ते हाताने वाकवून तोडले.

---

तुषार_कल्याण | २८ डिसेंबर, दुपारी ४:००

एक शंका. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा केसांना एवढा भाव का होता? वीस डॉलर म्हणजे जिमचा आठवड्याचा पगार.

---

हडसनकाठी | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

तुषार, फॅशन. १९०० च्या आसपास बायका कपाळावर उंच फुगवलेली केशरचना करत. आपल्या केसांत भागत नसे, म्हणून आतून खऱ्या केसांचे गुंडाळे आणि गंगावनं भरत. त्यामुळे माणसाच्या केसांचा मोठा व्यापार होता. देणाऱ्या बायका बहुधा गरीब आणि घेणाऱ्या सुस्थितीतल्या. डेलाचे केस दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर नाताळच्या मेजवानीला गेले असणार.

---

वसईची_लेक | २९ डिसेंबर, सकाळी ११:१०

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा, जरा उशिरा. घरात पाहुणे होते.

आभाताई, शेवटचा परिच्छेद नको असं तुम्हाला वाटतं, ते मला समजतं. पण मॅजाय म्हणजे कोण हे माहीत नसलं की तो उपदेश वाटतो. माहीत असलं की तो वेगळा ऐकू येतो. मराठी बायबलात मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ‘मागी’ असाच शब्द आहे. पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तारा बघून निघालेले. बाळासाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. ते किती जण होते हे मत्तयाने लिहिलेलंच नाही. भेटी तीन म्हणून पुढे माणसंही तीन झाली. आम्ही त्यांना तीन राजे म्हणतो.

आमच्या घरी नाताळात येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोठा करतात. वडील भाताचा पेंढा, माती, जुने खोके घेऊन आठवडाभर खपतात. तीन राजांच्या मूर्ती पहिल्या दिवशी गोठ्यात ठेवत नाहीत. त्या लांब, खिडकीच्या कोपऱ्यात असतात. मग रोज थोड्या थोड्या पुढे सरकवायच्या आणि ६ जानेवारीला, त्यांच्या सणाला, बाळापाशी पोचवायच्या. लहानपणी ते काम माझं होतं. एका उंटाचा पाय मोडलेला आहे, फेव्हिकॉलने चिकटवलाय, आणि दरवर्षी तो सरकवताना पुन्हा सुटतो. या वर्षी माझी भाची सरकवते आहे. आज ते टीव्हीच्या टेबलापर्यंत आलेत.

म्हणून मला वाटतं, डेला आणि जिमच्या भेटी वाया गेल्या नाहीत असं सांगायला लेखकाला मागी लागतात. त्या बाळाला तरी सोन्याचा आणि उदाचा काय उपयोग होता? गोठ्यात जन्मलेलं मूल! दुपटं आणलं असतं तर कामाला आलं असतं. काका, तुमचा आक्षेप खरं म्हणजे मागी लोकांवरही घेता येईल.

---

मांडवीपार | २९ डिसेंबर, दुपारी २:४५

वसईची_लेक, मी गोव्यातल्या बार्देशचा. आमच्याकडे तर गावालाच मागी लोकांचं नाव आहे, रेइस मागोस, म्हणजे मागी राजे. पणजीहून मांडवीपलीकडे पांढरं चर्च दिसतं ते. फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी १५५५ साली बांधलं. ६ जानेवारीला तीन मुलगे राजे होऊन येतात. चांदरलाही हा सण होतो. कासावलीला कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांचा एकेक मुलगा राजा होतो, घोड्यावर बसून रेमेद सायबिणीच्या (मेरीमातेच्या) टेकडीवर जातो. मी शाळेत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा राजा झाला होता. मुकुट डोक्याला मोठा होता, तो एका हाताने धरून बसला होता आणि दुसऱ्या हाताने लगाम. घोड्यापेक्षा मुकुटाचीच त्याला जास्त भीती.

---

शब्दवेल्हाळ | २९ डिसेंबर, दुपारी ४:१०

‘मागी’ म्हटलं की मराठी कानाला ‘मागणारे’ ऐकू येतं आणि इथे तर ते देणारे आहेत. मूळ शब्द जुना इराणी, मगू, म्हणजे पुरोहित. पारशी धर्मगुरूंना मोबेद म्हणतात ना, तो शब्दही मगूपतीवरूनच आलेला. मुंबईच्या अग्यारीत आणि वसईच्या गोठ्यात एकच शब्द दोन वाटांनी पोचलाय.

---

रोजमेळ | २९ डिसेंबर, रात्री १०:०५

वसईच्या ताईंचं ‘दुपटं आणलं असतं तर’ हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. आभा, पुढची बैठक ६ जानेवारीला ठेवूया का? माझ्या घरी. गोष्ट पुन्हा एकदा वाचू. मला काहीतरी दाखवायचं आहे.

---

आभा | ७ जानेवारी, रात्री ११:०८

काल काकांकडे जमलो, सात जण. गोष्ट पुन्हा वाचली. या वेळी मी मधल्या एका जागेवर थांबले, जी मागच्या वेळी हातातून निसटली होती. खाली दाराशी एक पत्रपेटी आहे जिच्यात पत्र येत नाही, एक घंटा आहे जी वाजत नाही, आणि जिमच्या नावाची पाटी आहे. पाटीवर मधलं भारदस्त नाव ‘डिलिंगहॅम’. पगार तीसचा वीस झाल्यावर त्या नावातली अक्षरंही जणू अंग चोरून उभी आहेत, नुसत्या ‘डि’वर येऊन गप्प राहावं की काय अशा विचारात. नलूताई ते ऐकून म्हणाल्या (त्या मुद्दाम डोंबिवलीहून आल्या होत्या, इथूनच ओळख!) की त्यांच्या माहेरी वडिलांची नोकरी गेल्यावर दारावरची ‘बी.ए.’ लिहिलेली पाटी आईने उतरवून कपाटामागे ठेवली होती.

शेवटच्या परिच्छेदाचं असं झालं: मी चॉप्सपाशी पुस्तक मिटलं. कुणीच काही बोललं नाही. मग वसईच्या ताईंचा प्रतिसाद मी मोबाइलवर सगळ्यांना वाचून दाखवला, आणि त्यानंतर परिच्छेद वाचला. माझं मत बदललं का? अर्धं. उपदेशाचा सूर मला अजून जास्तच वाटतो. पण मोडक्या पायाचा उंट टीव्हीच्या टेबलावरून गोठ्याकडे निघालेला डोळ्यांसमोर असताना ते शब्द वाचले, आणि आवाज पडला नाही.

मग काकांनी एक वही काढली. त्यांच्या आईची, १९६४ सालची. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले, एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं. तेव्हा ते नाशिकला राहायचे. वडील पहाटेच्या पाळीला सायकलने जायचे. वहीत दूध, कोळसा, रॉकेल, फी, दळण, सगळं पैशांसकट. आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ: किरकोळ, १ रु. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत एकही महिना चुकलेला नाही.

काका म्हणाले, “मी चाळीस वर्षं लोकांच्या वह्यांत ‘किरकोळ’ दिसलं की लाल खूण करत आलो. ही वही माझ्याकडे आई गेल्यापासून आहे. कधी उघडली नव्हती.” ते अकरा रुपये कुठे निघाले ते वहीत नाही. काकांना आठवतं ते एवढंच की त्या थंडीत वडिलांच्या अंगावर एक राखाडी स्वेटर होता, हाताने विणलेला, एका बाहीची लोकर किंचित वेगळ्या छटेची.

डिसेंबरच्या पानावर ‘किरकोळ’ नाही. खाली बेरीज बरोबर आहे. काकांनी ती आमच्यासमोर तीनदा करून बघितली.